राहिले फक्त तांदूळ

पुरवठा कचेरीतल्या धामणस्करसाहेबांना नियम ऐकवायची भारी हौस. सुगंधाचा अर्ज त्यांनी तिसऱ्यांदा परत सरकवला. रेशनकार्डावर अजून तिचं जुनं, पुरुषाचं नाव होतं आणि त्या नावावर दुकानदार या बाईला धान्य देत नव्हता.

"राजपत्र आणलंय, जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखपत्र आणलंय. त्यावर 'स्त्री' लिहिलंय. आणखी काय पाहिजे?"

"अहो, जन्माचं नाव म्हणजे काय खेळ आहे? मनात आलं म्हणून बदलत नसतं ते," साहेब म्हणाले आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंपुढे पेढ्यांचा डबा धरला. परवाच त्यांच्या मुलाचं लग्न झालं होतं. "घ्या. सूनबाई माहेरची प्रणाली, आम्ही शर्वरी ठेवलं."

"तिला विचारून?" सुगंधाने विचारलं.

"त्यात विचारायचं काय? ताटात तांदूळ पसरले, अंगठीने नाव लिहिलं, झालं."

सुगंधाने कागदांचा गठ्ठा पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.

"साहेब, माझं नाव मी स्वतः ठेवलंय, वर एवढे कागद जमवलेत. राहिले फक्त तांदूळ. ते तुम्हीच अडवून बसलात."

शेजारच्या बाईंनी हातातला पेढा डब्यात परत ठेवला. साहेबांनी शिक्का उचलला.