चंद्र कोणी खाल्ला?

बालमित्रांनो, डोंगराआडच्या एका जंगलात एक म्हातारे अस्वल राहत असे. भांडणतंटे सोडवायचे काम सगळ्यांनी त्याच्याच गळ्यात घातले होते. खरे तर त्याला दुपारची झोप फार प्रिय; पण एके दुपारी खार रडतओरडत आली. झाडाच्या बुंध्याशी असलेल्या ढोलीत तिने साठवलेली सुकी बोरे कोणीतरी लांबवली होती. तिच्यामागून लांडगा आला, तो कोल्ह्याच्या एका पिल्लाला मानेला धरूनच. पाठोपाठ पिल्लाची आई धावत आली.

"चोर सापडला!" लांडगा म्हणाला. "याच्या बिळाशी दोन बोरं मिळाली. हा कोल्ह्यांच्या पोरांच्या त्या उनाड टोळीतला. शिवाय 'बोरं कोणी चोरली?' असं मी विचारलं, तेव्हा यानं सगळ्यांदेखत 'मी!' म्हणून कबूल केलंय. द्या हाकलून नदीपलीकडे!"

नदीपलीकडे बिबट्या राहत होता आणि पिल्लाला अजून धड पळताही येत नव्हते. आई गयावया करू लागली. अस्वलालाही वाईट वाटले. पण माल सापडला, कबुली मिळाली, आता उरले काय? शिक्षा सांगायला त्याने तोंड उघडलेच होते. तरी जाता जाता विचारले, "तू एकटाच 'मी' म्हणालास का रे?"

"नाही, आजोबा. आधी आमच्या टोळीतला थोरला म्हणाला, मग सगळेच. एकानं सूर लावला की बाकीच्यांनीही लावायचा, अशी आमची रीतच आहे. गप्प बसलं की पोटात कसंसंच होतं."

"आणि ती बोरं?"

"बिळाच्या तोंडाशी पडली होती. कोणी टाकली, मला नाही ठाऊक."

"थापा मारतोय!" लांडगा गुरगुरला.

अस्वलाने कान खाजवला. मग टोळीतल्या सगळ्या पिल्लांना बोलावून समोर बसवले आणि करड्या आवाजात विचारले, "परवाच्या अमावास्येला आकाशातला चंद्र कोणी खाल्ला?"

थोरल्याने मान वर केली. "मीऽऽ!" लगेच दुसरा, "मीऽऽ!" मग तिसरा, चौथा, ते पिल्लू, एवढेच काय, त्याची आईसुद्धा! सारे रान दणाणले. त्या गदारोळात सगळ्यांच्या वर एक जाडाभरडा सूर लागला, "मीऽऽऽ!" तो लांडग्याचा होता. डोळे मिटून, नाक आभाळाकडे करून महाशय अगदी मनापासून कबुली देत होते. डोळे उघडले, तेव्हा सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"मग काय लांडगेबुवा, निघताय ना नदीपलीकडे?" अस्वलाने विचारले.

लांडग्याने शेपूट पायांत घातले.

"पिल्लानं चोरी केली नाही, असं मी म्हणत नाही," अस्वल म्हणाले. "केली, असं म्हणायला माझ्याकडे पुरेसं काही नाही. सोडा त्याला."

"आणि माझी बोरं?" खार हिरमुसून म्हणाली.

"ही दोन घे. बाकीची कोणी नेली, ते मला ठाऊक नाही."

हे सांगताना अस्वलाला फार लाज वाटली. खारीकडे त्याला बघवेना. पण जे ठाऊक नव्हते, ते ठाऊक आहे असे काही त्याने म्हटले नाही. पिल्लू आईला बिलगून घरी गेले.

तात्पर्य : टोळीच्या सुरात सूर मिसळला, एवढ्यावरून कोणी चोर ठरत नाही; पुरावा अपुरा असेल, तर संशय कितीही दाट असला तरी शिक्षा देऊ नये.