विशाखाताईंची मूठ

“लक्ष नसतं म्हणता. मग असतं कुठे?”

आर्याजींनी विचारलं आणि विशाखा रामटेके अडखळली.

“अभ्यासात नसतं. वर्गात नसतं. जेवताना ताटातसुद्धा नसतं.”

“ते झालं. असतं कुठे?”

“ते तिलाच माहीत,” विशाखा म्हणाली आणि लेकीकडे पाहिलं. लेक, संबोधी, विहाराच्या ओट्यावर उभी राहून छताच्या कोपऱ्यात काहीतरी पाहत होती. आपल्याबद्दल बोलणं चाललंय, याचा तिला पत्ताच नव्हता.

भंडाऱ्याकडच्या एका टेकडीवरचा तो लहानसा विहार. भिक्खुणी आर्या सुमना तिथे एकट्या राहायच्या. वय झालेलं, पण डोळे विलक्षण जागे. रविवारी सकाळी आसपासची माणसं ध्यानाला यायची आणि त्यांच्यात विशाखाचा मोठा मान होता. शाळेत गणित शिकवणारी ही बाई एकदा डोळे मिटून बसली की तासभर ढिम्म हलायची नाही. नव्याने आलेलं कुणी चुळबुळ करायला लागलं की जुनी माणसं म्हणायची, विशाखाताईंकडे पाहा. तिला ते ऐकू यायचं. आवडायचंही.

आज लोक जमायच्या आधीच ती लेकीला घेऊन आली होती.

“नागपूरच्या डॉक्टर म्हणाल्या, एडीएचडी आहे, मन एका जागी न टिकण्याचा त्रास. मुलगे धुडगूस घालतात म्हणून लवकर लक्षात येतात म्हणे. पुष्कळ मुली गप्प बसून मनातल्या मनात भटकतात, म्हणून राहून जातात. मला नाही पटलं.”

“का?”

“कारण मीही अशीच होते, आर्याजी. वेंधळी. चप्पल इथे, डबा तिथे. बाबा कोपऱ्यात उभं करायचे. पण मी स्वतःला बसवलंच ना?”

“कसं बसवलंत?”

“जोर लावून.”

“हं...”

आर्याजींनी दोन आसनं समोरासमोर टाकली.

“बसा दोघी.”

संबोधीला तीनदा हाक मारावी लागली. पण ती आली, मांडी घालून बसली, कुडत्याच्या बाह्यांत हात ओढून घेतले आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने विशाखाने एक डोळा किलकिला करून पाहिलं. पोरगी हलत नव्हती. अगदी दगडासारखी बसली होती. विशाखाला आतून आनंदाची उकळी फुटली. तिने कधी ध्यान मोडलं नव्हतं, आज मोडलं.

“पाहा, आर्याजी. मनावर घेतलं की जमते हिला.”

आर्याजी उठल्या आणि संबोधीसमोर येऊन बसल्या.

“हात दाखव, बाळा.”

संबोधीने बाही मागे सारली. मूठ घट्ट मिटलेली होती. एकेक बोट सावकाश उघडलं. तळव्यावर नखांच्या लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या, आणि त्यांच्याखाली फिकट झालेल्या जुन्याही होत्या.

“हे काय करून घेतलंस?” विशाखाचा आवाज चढला.

“असं दाबून धरलं की हलायला होत नाही,” संबोधी म्हणाली. “शाळेत पण करते. मॅडमला वाटते, मी ऐकून राहिली.”

“ऐकतेस का मग?” आर्याजींनी विचारलं.

“नाही ना. मूठ सांभाळू की ऐकू?”

आर्याजी आता विशाखाकडे वळल्या. नुसता आपला उघडा तळवा तिच्यापुढे धरला.

विशाखाचे हात मांडीवर, पदराखाली होते. ते तिने बाहेर काढले नाहीत. खाली पायथ्याशी कुणाची तरी मोटरसायकल आली, थांबली. आर्याजींचा तळवा तसाच होता.

मग विशाखाने हात काढला आणि मूठ उघडली.

चंद्रकोरी तिथेही होत्या. फक्त तिथली कातडी जुनी, राठ झालेली होती.

“आई...” संबोधी पुटपुटली. “तू पण?”

विशाखाला वाटलं, आता आपल्याला रडू येणार. पण आलं ते हसू. कुठून आलं कोण जाणे, आवरेचना. संबोधी तिच्या अगदी जवळ सरकली.

“तुला पण सगळं एकदम ऐकू येते? पंखा, बाहेरची गाडी, मागच्या मुलीचा पेन?”

“एकदम. कोणता आवाज आधी ऐकावा तेच कळत नाही.”

“आणि एकच ओळ परत परत वाचावी लागते?”

“शेवटी काय वाचलं ते आठवतच नाही.”

“मग तू गणित कशी शिकवते?”

“उभी असते ना मी. खडू हातात असतो, फळ्यासमोर चालत असते. खुर्चीत बसून मला...” विशाखा थांबली. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

“दूध तापायला ठेवलं की तू तिथून हलत नाहीस, ते याच्यामुळेच?”

“हललं की संपलं. मग वासानेच आठवते.”

“मला वाटायचं, तू खूप शिस्तीची आहेस.”

“नाही गं, बेटा. मी खूप घाबरलेली आहे.”

संबोधीने तिचा राठ तळवा हातात घेतला आणि अंगठ्याने चोळला. मग एकदम उठली. “आई, चल, तुला दाखवते मी काय पाहून राहिली होती.” विशाखा पदर सावरत तिच्यामागे धावली.

ओट्यावरच्या छताच्या कोपऱ्यात एक कुंभारीण माशी मातीचं घर बांधत होती. संबोधी भराभरा सांगत सुटली. ती माती कुठून आणते, ओली गोळी तोंडात कशी धरते, एकेक थर कसा चढवते, हिरवी अळी आत कशी कोंबते आणि मग दार कसं लिंपून टाकते. विशाखा मान वर करून पाहत होती. मान दुखली तरी पाहत होती. मध्येच तीच लेकीला म्हणाली, “थांब, थांब, आली बघ, माती घेऊन आली.” दोघी एकमेकींचं बोलणं तोडत बोलत होत्या आणि दोघींपैकी कुणालाच त्याचा राग येत नव्हता.

आतून घंटा झाली. माणसं बाहेर पडू लागली. विशाखा दचकली. लोक कधी आले, ध्यानाला कधी बसले, तिला कळलंच नव्हतं. एकदोघांनी तिच्याकडे नवलाने पाहिलं.

आर्याजी सर्वांच्या मागून आल्या.

“आर्याजी, डॉक्टर औषध सुरू करू म्हणतात, त्याचं...” विशाखाने हळूच विचारलं. “मंगळवारी बोलावलंय.”

“जा. त्यांचं काम त्यांना करू द्या. आणि हात दाखवाल तर दोन्ही दाखवा, तिचाही, तुमचाही.”

विशाखाने मान हलवली. संबोधी पायऱ्यांकडे पळाली होती, तिची एक चप्पल इथेच राहिली होती. विशाखाने ती उचलली, आणि आपली शोधू लागली तर तीही सापडेना. ती पुन्हा हसली. मग एकदम काही आठवून तिने हात जोडले.

“माफ करा, आर्याजी. आज ध्यान राहूनच गेलं.”

आर्याजींनी छताखालच्या त्या मातीच्या घराकडे पाहिलं, मग पायऱ्यांवरून उड्या मारत उतरणाऱ्या पोरीकडे.

“राहिलं? कुणाचं?”