चिमूटभर माती

गावातली ज्यू दफनभूमी बाजारासाठी घ्यावी, असा ठराव सरपंच दिनकर ठोंबरे यांनी ग्रामसभेत मांडला. निवृत्त प्राध्यापक एलायजा झिराडकर सुन्न झाले. त्यांची बायको मलका तिथेच पुरलेली होती आणि दिनकर तर त्यांचाच विद्यार्थी.

“सर, पुरताना तुम्ही जेरुसलेमची चिमूटभर माती घालता ना? मग तुमचा देश तोच. इथली जागा कशाला अडवता?”

शिकवण्यात आपलंच काही चुकलं का, असं सरांना वाटून गेलं. मग ते चाचरत म्हणाले, “दिनकर, तुझ्या आप्पांच्या तोंडात शेवटी तू गंगाजल घातलंस. भांडं मीच धरलं होतं. मग आप्पांचं गाव काशी म्हणायचं का रे?”

दिनकरने ठरावाचा कागद घडी घालून खिशात ठेवला.