विलायती वाडग्याचे बूड

“भट्टी वाईट नाही म्हणता, मग दोष कुणाचा?” भार्गवने विचारले.

लिंगाप्पांनी काठीने समोर खूण केली.

गुरुशिष्य संग्रहालयात उभे होते. समोर काचेच्या कपाटात, काचेच्याच फळीवर, दोनशे वर्षांपूर्वीचा चिनी मातीचा जर्मन वाडगा होता. दुधासारखा पांढरा, कडेला बारीक निळी फुले.

चार वर्षे भार्गव लिंगाप्पांकडे चिनी मातीची भांडी घडवायला शिकत होता. यंदा त्याने स्वतःचे बारा वाडगे केले. झिलईचा काचेरी लेप चढवल्यावर बूड पुसून घे, असे आप्पांनी बजावले होते. त्याने पुसले नाही. भट्टीत झिलई वितळली आणि बाराही वाडगे आतल्या फळीला चिकटले. छिन्नीने सोडवताना एकही धड निघाला नाही.

नाचता येईना अंगण वाकडे! त्याने भट्टीला नावे ठेवली आणि सामान बांधले. आप्पा ‘राहा’ म्हणाले नाहीत. एस.टी. स्टँडवर जाण्याआधी एक वाडगा बघून जा, एवढेच म्हणाले.

“बघा,” भार्गव म्हणाला, “ह्याला कुठं उघडी माती दिसते? ह्याला म्हणतात काम. बूड पुसा, बूड पुसा... ते आपल्यासारख्यांनी करायचं.”

“कुठनं बघतोयस?”

“कुठनं म्हणजे? समोरून.”

आप्पांनी काठी भिंतीला टेकवली. गुडघे धरत, कण्हत ते कपाटाच्या पायथ्याशी फरशीवर बसले आणि मान वर केली.

“आप्पा, उठा... लोक बघतायत.”

“बघू देत. बस.”

भार्गव तसाच उभा राहिला. चेहरा तापला होता...

मग त्याने पाठीवरची पिशवी उतरवली आणि गुरूशेजारी बसला.

फळीच्या काचेतून वाडग्याचे बूड दिसत होते. जिथे वाडगा टेकला होता तिथे गोल, बारीक, खरखरीत पट्टी होती. मळकट. झिलईचा थेंब नाही.

तो बराच वेळ बघत राहिला. बारा वाडगे आठवले आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

“पुसलंय...”

“हं.”

“आप्पा, एवढा कसबी माणूस... एवढी जागा कोरी का सोडली त्यानं?”

आप्पा वाडग्याकडे बघतच म्हणाले,

“तेवढी जागा भट्टीची.”