भाकर की पाव?

“पण खरं भाषांतर कोणतं, बाबा? जुनं, नवं, की सोप्या मराठीतलं?”

चपला काढायच्या आधीच सुमंत पगारेने विचारलं. शहरातल्या सेमिनरीत, पाळकांच्या शाळेत, तो नुकताच ग्रीक शिकून आला होता आणि ती ग्रीक त्याच्या अंगात मावत नव्हती. खांद्याच्या पिशवीत तीन बायबलं, मोबाईलमध्ये आणखी ढीगभर.

ओट्यावर बसलेले शिमोनबाबा गावच्या ख्रिस्ती मंडळीचे म्हातारे पाळक. सुमंतला लहानपणी शास्त्र वाचायला त्यांनीच शिकवलं होतं.

“तुला कुठलं कळतं?”

“सगळीच कळतात.”

“मग वाचतोस कुठलं?”

सुमंतने पिशवी ओट्यावर ठेवली. एकाला एक ताडून बघता बघता वाचायचं राहूनच जात होतं.

“ते जाऊ द्या, बाबा. तुम्ही फक्त आईला सांगा, सुमंतचं बरोबर आहे.”

आत्ता कुठं खरं दुखणं बाहेर आलं.

त्याची आई, रूथबाई, अंगणापलीकडे समोरच राहायची. डोळे गेल्यापासून उशाशी ठेवलेलं जुनं बायबल तिला शेजारपाजारचं कुणीतरी संध्याकाळी वाचून दाखवी. सुमंत परतला तशी तिने सगळ्यांना ऐटीत सांगून टाकलं होतं, आता तुम्ही नका येऊ, माझा लेक वाचेल.

“झालं काय?” बाबांनी विचारलं.

“प्रभूची प्रार्थना वाचत होतो. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’, इथं ‘भाकर’ आली. मी म्हटलं, आई, हे चूक आहे. मूळ ग्रीक शब्द ‘आर्तोस’. येशूच्या लोकांची रोटी भट्टीतली, आपली ज्वारीची भाकर त्यांनी कधी पाहिलीसुद्धा नव्हती. पाव म्हण.”

“मग?”

“म्हणाली, देवाकडे रोज पाव मागायला मी काय आजारी आहे?”

बाबांना हसता हसता ठसका लागला. आमच्याकडे पाव आणतात तो तापकऱ्याला, चहात बुडवून द्यायला.

सुमंत मात्र हसला नाही. “मी समजावत बसलो. शेवटी म्हणाली, राहू दे बाळा, मला नाही कळायचं एवढं... तेव्हापासून ती वाच म्हणतच नाही.”

पोराला फार लागलं होतं ते.

“पण मूळ शब्द माहीत असताना मी खोटं कसं वाचू, बाबा?”

“येशू आईशी ग्रीक बोलायचा?” बाबांनी विचारलं.

“नाही. अरामी.”

“आणि डोंगरावर ही प्रार्थना शिकवताना, लोकांशी?”

“तिथंही... अरामीच.”

“मग तुझा आर्तोस?”

“तोही भाषांतरच,” सुमंत हळूच म्हणाला.

बाबांनी आत हाक मारली. त्यांच्या पत्नी दीनाबाई तव्यावरची भाकर घेऊन बाहेर आल्या. बाबांनी तिचे दोन तुकडे केले आणि एक सुमंतच्या हातावर ठेवला.

“जा. आईच्या हातात दे आणि विचार, हे काय आहे.”

सुमंत तसाच अनवाणी अंगण ओलांडून गेला.

थोड्या वेळाने समोरून रूथबाईचा आवाज आला. “अरे, भाकरच की ही! अन् केवढी गरम!”

मग दोघांचं हसू.

आणि मग सुमंत वाचू लागला. खणखणीत, न अडखळता. ‘भाकर’ आली तेव्हा मायलेक एकदमच बोलले, आणि इतक्या जोरात की गल्लीतली माणसं दारात आली. शेवटचं आमेन साऱ्या गल्लीने म्हटलं. दीनाबाईंनी पदराने डोळे पुसले, आनंदाने पुसले, आणि त्यांची नजर ओट्यावर गेली.

“अहो, पिशवी तर इथंच राहिली त्याची! मग पोरगा भाषांतर कुठलं वाचतोय?”

बाबांनी उरलेल्या भाकरीचा घास तोडला.

“भाषांतर कुठलं? मूळ वाचतोय.”