रणधवल महाराज आणि सताड उघडं दार

"हिच्या यंत्रानं माझं यंत्र अडवलं!" बाळराजे भर मैदानात पाय आपटत ओरडले आणि सगळ्या पाठशाळांची पोरं तिकडे धावली.

रणधवल महाराज दरवर्षी आपल्या राज्यातल्या पाठशाळांमध्ये लाकडी यंत्रांची स्पर्धा लावत. ज्याचं यंत्र त्यानंच घडवायचं, दोन दोऱ्यांनी बैलासारखं हाकायचं आणि मैदानातले नारळ ढकलत नेऊन टोकाच्या खड्ड्यात पाडायचे. जिंकेल त्या पाठशाळेला महाराजांची आमराई हंगामभर मोकळी. नियम एकच होता: दुसऱ्याची वाट जो अडवील, त्याचं यंत्र बाद. आणि बाद झालेलं यंत्र जायचं थेट महाराजांच्या आंघोळीच्या बंबात. महाराजांना गार पाण्याचा भारी तिटकारा, त्यामुळे हा नियम ते अगदी मनापासून पाळत.

आता बंबाची पाळी ढब्बूवर आली होती. ढब्बू म्हणजे गावच्या कासारणीच्या लेकीचं, गोजराचं यंत्र. पोट पुढे आलेलं, डोळे रंगवलेले आणि चालताना सारखी कुईकुई. सबंध पावसाळा खपून तिनं ते घडवलं होतं. ढब्बूला उचलायला सेवक पुढे झाला, तेव्हा तिला रडूच कोसळणार होतं, पण रडण्यापेक्षा तिला राग जास्त आला.

"महाराज, ढब्बूचं चाक निखळलं म्हणून तो खड्ड्याच्या कडेला थांबला होता," ती म्हणाली. "शेजारून म्हैस जाईल एवढी वाट होती. बाळराजे आपणहून थांबले, मागं वळून कुणाला तरी शोधत बसले. त्यात ढब्बूचा काय दोष?"

"आपणहून?" महाराजांच्या मिशा थरथरल्या. "वाट मोकळी असताना कोण आपणहून थांबेल गं?"

"थांबतात, महाराज."

"असं? मग मलाच थांबवून दाखव. उद्या सकाळी मी दरबारात येईन. दार सताड उघडं राहील. माझ्या वाटेत माणूस नको, जनावर नको, दोरी नको, साधी काटकीही नको. मी उंबऱ्याशी थांबलो, तर तुझं खरं. आत गेलो, तर ढब्बू बंबात!"

प्रधानजी इतके हसले, की त्यांची पगडी कानावर आली. बाळराजे तर लगेच गरम पाण्याची चौकशी करायला गेले.

गोजरा घरी आली ती विचार करतच. आईबरोबर बांगड्या भरायला ती लहानपणापासून राजवाड्यात जायची. महाराज कसे जेवतात, कसे रुसतात, कुठल्या दारातून कसे आत येतात, सगळं तिनं खांबाआडून पाहिलेलं होतं. आठवता आठवता ती एकदम उठली, गूळ किसला आणि चुलीवर पाक ठेवला.

"अगं, पाक कच्चा राहिलाय," आई म्हणाली. "ही चिक्की दाताला चिकटेल."

"चिकटू दे गं," गोजरा म्हणाली आणि त्यात मूठभर तीळ टाकले.

सकाळी दरबार खच्चून भरला. दार सताड उघडं होतं. दाराच्या बाजूला, रोजच्या जागी, सटवाजी चोपदार चांदीची काठी घेऊन उभा होता. गोजरा लांब कोपऱ्यात ढब्बूला कवटाळून बसली होती, तर बाळराजे आपलं यंत्र पुढ्यात मांडून मिरवत होते. आत जाताना तिनं सटवाजीकाकांच्या हातावर चिक्कीचा चांगला मोठा तुकडा ठेवला होता. सटवाजी गोडाचा वेडा, त्यानं तो अख्खाच तोंडात टाकला.

महाराज आले. मिशांवर ताव दिला, उघड्या दाराकडे पाहून मोठ्यानं हसले आणि आत टाकायला उजवा पाय उचलला.

तो उचललेलाच राहिला.

महाराजांनी डावीकडे पाहिलं. सटवाजीचे गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले, आणि तोंडातून फक्त "म्म्म, म्म्म" असा आवाज. दरबार बघतोय, महाराज एका पायावर उभे. थोड्या वेळानं ते डुलायला लागले. प्रधानजी धावत आले आणि त्यांनी महाराजांना आधार दिला.

"महाराज, आत या ना!"

"येतो, येतो," महाराज कुरकुरले. "पण हा सटवाजी बोलेना!"

गोजरा उठून उभी राहिली. "महाराज, वाटेत माणूस आहे?"

"नाही."

"जनावर? दोरी? काटकी?"

"काही नाही गं!"

"मग आपण का थांबलात?"

महाराज मिशा फेंदारून म्हणाले, "चोपदारानं 'बाऽजू, महाराज येत आहेत होऽ' अशी ललकारी दिल्याशिवाय मी जन्मात कधी उंबरा ओलांडलेला नाही!"

"बाळराजेही आपल्याच वळणावर गेलेत, महाराज. काल मैदानात ऐन वेळी सटवाजीकाका भजी खायला गेले होते. बाळराजे ललकारीची वाट बघत राहिले आणि ठपका आला बिचाऱ्या ढब्बूवर."

"पण तू चोपदाराचं तोंड अडवलंस!" प्रधानजी ओरडले.

"छे हो! चिक्की थुंकायची वाट मोकळीच होती. थुंकली का त्यांनी?"

सगळ्यांनी सटवाजीकडे पाहिलं. सटवाजीनं जोरजोरात मान हलवून 'मुळीच नाही' असं सांगितलं आणि चघळणं चालू ठेवलं.

मग मात्र महाराजांना हसू आवरेना. एका पायावर उभ्या उभ्या ते असे गदगदा हसले, की प्रधानजीही त्यांच्याबरोबर हलू लागले. "सोडा त्या ढब्बूला! त्याचं चाक राजवाड्याच्या सुताराकडून बसवून द्या. आणि आमराई गोजराच्या पाठशाळेला, सगळी झाडं धरून!"

"आणि बंबात काय घालायचं, महाराज?" सेवकानं विचारलं.

महाराजांनी बाळराजांच्या यंत्राकडे नुसतं पाहिलं. बाळराजे ते उचलून पळत सुटले, आणि या वेळी कुठल्याही दारात ललकारीसाठी थांबले नाहीत.

"बक्षीस पोचलं, महाराज," गोजरा हात जोडून म्हणाली. "आता आत तरी या."

महाराजांनी उंबऱ्याकडे पाहिलं, मग सटवाजीकडे पाहिलं आणि काकुळतीला येऊन म्हणाले, "अरे सटवाजी, गीळ की लवकर! पाय दुखायला लागला!"