डावा अंगठा

कारखान्यातल्या प्रेस मशीनखाली दत्ताराम गुंजाळांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. मॅनेजर सरनाईकांनी त्यांना गेटवर बसवलं, पण अपघाताचं रजिस्टर कोरंच ठेवलं. वर्षभर अपघात नसल्याचं बक्षीस कारखान्याला मिळणार होतं. त्यांनी टाईप केलेला अर्ज पुढे सरकवला : ‘मला स्वखुशीने गेटचं काम हवं आहे.’

“सही करा.”

गुंजाळांनी बँडेजमधला हात टेबलावर ठेवला.

“मग डावा अंगठा लावा.”

“लावतो साहेब. पण बारा वर्षं मस्टरवर माझी सही आहे. आज अंगठा का, तेवढं शेजारी तुमच्या हाताने लिहा.”

सरनाईकांनी अपघाताचं रजिस्टर उघडून पहिली नोंद केली.

गेटवर आधीचे तिघे बसले होते. कुणाचा पाय गेलेला, कुणाची पाठ. असल्याच अर्जावर सही करायला त्यांचे हात मात्र धड होते.